दात काढा, म्हणून आम्ही ठिय्या दिला

ज्यांच्या गालाला सूज आहे, दात हलतोय आणि घरातला, बाजारातला, जीपमधला प्रत्येक माणूस "काढून टाक तो दात" असं सांगतोय, त्यांनी हे आधी वाचावं आणि मग काय ते ठरवावं. मी डॉक्टर नाही. मोखाडा तालुक्यात, सूर्यमाळच्या बाजूला एका पाड्यावर राहते. संघटनेचं काम करते, पत्रकं लिहिते, मोर्चात घोषणा देते. पत्रकाची सवय असल्यामुळे इथेही आवाज चढेल. चढला तर चढू दे. ज्या दवाखान्यात हे घडलं त्याचं नाव मात्र मुद्दाम लिहिलेलं नाही, कारण भांडण एका दवाखान्याशी नाही.

एक बोट

आमच्याकडे दातदुखी हा आजार धरत नाहीत. ताप आला तर आजारी, साप चावला तर आजारी. दाताचं काय, दुखला की काढायचा. माझ्या आईच्या तोंडात डाव्या बाजूला एकही दाढ राहिलेली नाही. वसईकडे वीटभट्टीवर असताना एकेक दुखत गेली, एकेक काढत गेली. भट्टीवर सुट्टी मिळत नाही आणि काढलेली दाढ पुन्हा दुखत नाही, हे तिचं शास्त्र. ते चूक आहे असं तिला कोणी सांगितलं नाही. सांगायला तिथे होतं कोण?

माझं तर दुखतही नव्हतं, आणि त्यातच घात झाला. डाव्या जबड्याच्या कोपऱ्यात, कानाखाली सूज आली ती राहिलीच. आईने भुईरिंगणीच्या बियांची धुरी दिली. निखाऱ्यावर बिया टाकायच्या, नळीने धूर तोंडात घ्यायचा, म्हणजे दाताची कीड गळून पडते असं म्हणतात. मी शिकलेली, अंधश्रद्धेवर पत्रक लिहिलेली, तरी घेतली. घरात भांडण नको म्हणून घेतली. सूज होती तिथेच.

मग मागची दाढ हलायला लागली. खालच्या ओठाची डावी बाजू बधिर झाली, चहा ओघळला तरी कळेना. भाकरीचा घास लहान लहान होत गेला, शेवटी भाकर आमटीत कालवून प्यायला लागले. तरीही मी कामातच होते. टँकरच्या मागणीसाठी तहसीलवर मोर्चा होता. पुढे मी. "पाणी द्या" म्हणायला गेले आणि "पा" निघेना. तोंडात माझं एकच बोट जात होतं.

मागून काशीनाथदादांनी घोषणा उचलली. काशीनाथदादा म्हणजे आमच्या संघटनेचे जुने कार्यकर्ते, पन्नाशी ओलांडलेले. घरांची छपरं बांधतात आणि उरलेल्या वेळात सरकारला जाब विचारतात. मोर्चा संपल्यावर त्यांनी माझ्या गालाकडे बघितलं आणि म्हणाले, "मंगल, तुझं तोंड बंद झालं तर साहेब लोक पेढे वाटतील गं." थट्टाच होती, पण लागली. मला शेत नाही, नोकरी नाही. आहे ते हे तोंड.

पुढे पाठवलं

मी दाखवायला गेले त्या सरकारी दवाखान्यातली दाताची खोली आम्ही भांडून मिळवलेली होती. खुर्ची वर्षानुवर्षं प्लास्टिकमध्ये गुंडाळून पडली होती. "दाताचा डॉक्टर मिळालाच पाहिजे" ही पत्रकातली ओळ माझी. शेवटी मिळाला. मराठवाड्यातला तरुण मुलगा, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठा असेल. तोंडाला मास्क, बाहेर रांग, हाताखाली कोणी नाही.

त्याने तोंडात जेमतेम आरसा घातला, छोटा एक्स-रे काढला. तो बघितला आणि दुसरा काढला. मग हातातलं सामान ट्रेमध्ये ठेवलं.

"हा दात मी काढणार नाही," तो म्हणाला. "जबड्याच्या सर्जनकडे जा. नाशिकला." चिठ्ठी लिहिली, माझ्या हातात दिली आणि पुढचं नाव पुकारलं.

बाहेरच्या वाचकाला इथे काही वावगं वाटणार नाही. आम्हाला वाटलं, आणि का वाटलं ते सांगते. आमच्याकडे "पुढे पाठवलं" याचा एकच अर्थ होतो. बाळंतीण अडली, पुढे पाठवलं. पोराला विंचू चावला, पुढे पाठवलं. मोखाड्याहून जव्हार, जव्हारहून नाशिक नाहीतर ठाणे. गाडी नाही, डिझेल नाही, ड्रायव्हर जेवायला गेलाय. पुढे पाठवणं म्हणजे आपल्या अंगणातून कटकट बाहेर काढणं. अशा चिठ्ठ्या घेऊन निघालेली आणि घाटातच संपलेली माणसं आमच्या ओळखीची आहेत. तेव्हा ज्या डॉक्टरसाठी मी घसा फोडला तोच मला म्हणतो "नाशिकला जा", याचा अर्थ मी जो लावायचा तोच लावला.

आईने चिठ्ठी उलटी-सुलटी करून बघितली. "एक दात," ती म्हणाली. "त्याला कसाला नाशिक? भट्टीवरचा माणूस पकडीनं काढायचा."

ठिय्या

बाजाराच्या दिवशी आम्ही बसलो. बाजाराचा दिवस धरायचा, म्हणजे पाड्यापाड्यांवरची माणसं आलेली असतात, ही आमची रीत. दाताच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली. घोषणा काशीनाथदादांनी दिल्या, कारण मला देता येत नव्हत्या. "दात काढा, नाहीतर खुर्ची सोडा." मी मध्ये बसून फक्त मूठ वर करत होते. आई माझ्या शेजारी, पदर तोंडाला लावून.

डॉक्टर बाहेर आला. मास्क काढला. घाबरला असेल, पण पळाला नाही. त्याने काशीनाथदादांना बाजूला सरकायला सांगितलं आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

"तुमचं बोट द्या," म्हणाला. माझंच बोट त्याने माझ्या सुजलेल्या जबड्यावर ठेवलं. "दाबा. हळू."

दाबलं. हाड आत गेलं आणि परत वर आलं, रिकामी पाण्याची बाटली दाबल्यावर येतं तसं. बारीक कुरकुर झाली, ती कानात ऐकू आली. माझा हात आपोआप खाली आला.

"आत गाठ आहे," तो म्हणाला. "तिनं हाड खाल्लंय, वर पापुद्रा राहिलाय. मी पकड लावून जोर केला तर दात येईल आणि सोबत जबडा मोडेल. मग इथे बसलेल्या एकालाही तो जोडता येणार नाही. मलाही नाही."

काशीनाथदादांनी खाली बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे भुंगा लागलाय. बांबू वरनं चांगला, आत पीठ."

डॉक्टरला भुंगा समजावून सांगावा लागला. समजल्यावर तो म्हणाला, "हो, तसंच."

आपल्यासाठी चाललेल्या ठिय्यात मी ज्या गोष्टीची मागणी करत होते ती मान्य झाली असती, तर त्या दिवशी संध्याकाळी माझा जबडा दोन तुकड्यांत असता. पण राग गेला नव्हता. मी, दात न उघडता, जमेल तसं विचारलं की हे त्या दिवशी का नाही सांगितलं.

"सांगितलं होतं. सर्जनकडे जा म्हणालो होतो."

"त्याला सांगणं म्हणत नाहीत," मी म्हटलं. "त्याला हाकलणं म्हणतात."

त्याने हातातल्या मास्कची दोरी गुंडाळली. मग म्हणाला, "बाहेर रांग होती." आणि लगेच, "तुमचं बरोबर आहे."

दोघांचंही बरोबर होतं. तो दात न काढण्यात बरोबर होता, आम्ही चिडण्यात. अर्ध्या वाक्याची चिठ्ठी हातात देऊन माणसाने काय समजायचं?

मग मी मुख्य प्रश्न विचारला. तुम्ही दाताचे डॉक्टर, मग हा सर्जन कोण? दाताला किती डॉक्टर असतात?

तेव्हा तो सतरंजीच्या कडेला नीट मांडी घालून बसला. म्हणाला, मी पहिला डॉक्टर. कीड भरणं, साधा दात काढणं, दात साफ करणं, तोंडात काही वेगळं दिसलं तर ओळखणं हे माझं. त्याच्या पुढे एकेका गोष्टीचं आणखी तीन वर्षांचं शिक्षण असतं आणि मग तो माणूस मुख्यतः तेवढंच काम करतो. एवढं म्हणेपर्यंत मागून एका म्हाताऱ्याने स्वतःचा ओठ वर करून हिरड्या दाखवल्या, रक्त येतं म्हणाला, सगळे दात हलतात. डॉक्टर म्हणाला, आधी मी साफ करतो. आतलं हाड खूप खाली गेलं असेल तर हिरड्यांचा डॉक्टर, पेरिओडॉन्टिस्ट. एका बाईने पुढचे दात किडलेलं पोर पुढे केलं, दुधाचे आहेत, पडणारच ना? डॉक्टर म्हणाला, पडतील, पण त्याआधी दुखतील आणि खालून येणाऱ्या पक्क्या दातांची जागा बिघडेल. पोरांच्या दातांचा डॉक्टर वेगळा असतो, त्याला पेडोडॉन्टिस्ट म्हणतात. तारा लावून वाकडे दात सरळ करणारा ऑर्थोडॉन्टिस्ट. दाताच्या आतली नस साफ करून दात वाचवणारा एंडोडॉन्टिस्ट, ज्याला आपण रूट कॅनाल म्हणतो त्यातला जाणकार. कवळी आणि नवे दात बसवणारा प्रोस्थोडॉन्टिस्ट.

"आणि हाड, गाठ, अपघातात मोडलेला जबडा, आडवी अडकलेली अक्कलदाढ," माझ्याकडे बघून तो म्हणाला, "हे ओरल सर्जनचं."

आई इतका वेळ ऐकत होती. तिने पदर तोंडावरून काढला. "मंग नस साफ करून दात वाचतो?" तिने विचारलं. डॉक्टर म्हणाला, पुष्कळदा वाचतो. आईने जिभेने आपली रिकामी डावी बाजू चाचपली.

ठिय्या उठवला असं कोणी जाहीर केलं नाही. माणसं उठून रांगेत उभी राहिली, झालं. त्या दिवशी डॉक्टरने माझी चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली. कोणाकडे, कशासाठी, किती दिवसांत, आणि नाही गेलं तर काय होईल. मराठीत.

एकाच तोंडाला इतकी दारं

नाशिकच्या दातांच्या कॉलेजात काशीनाथदादा सोबत आले. उन्हाळा लागला होता, आमची विहीर आटली होती आणि आई घर सोडू शकत नव्हती. पाणी भरायला माणूस नसेल तर घर चालत नाही. घरात यावरून कुरबुर झाली. वहिनी म्हणाली, एका दातापायी किती माणसं अडकवायची. तिच्या डोक्यावर दोन हंडे होते, म्हणून मी उलटून बोलले नाही.

कॉलेजात लांबलचक व्हरांडा आणि दोन्हीकडे दारं. दारावर पाट्या इंग्रजीत. त्या ठिय्यात बसले नसते तर पहिल्याच दारातून रडत परत आले असते. आता पाटी वाचून निदान अंदाज येत होता. पहिलं दार तपासणीचं होतं, त्याला ओरल मेडिसिन म्हणतात. तिथे पूर्ण जबड्याचा एक्स-रे झाला. त्यात यंत्र तोंडाभोवती फिरतं, आपण हनुवटी टेकवून गप्प उभं राहायचं. फोटोत माझ्या जबड्याच्या कोपऱ्यात काळा फुगा दिसत होता आणि फुग्याच्या तळाशी एक आख्खी दाढ आडवी पडलेली. कधी वर आलीच नव्हती. हलणारी दाढ ती नव्हेच. ती बिचारी शेजारीण, पायाखालची जमीन गेल्यामुळे हलत होती. धुरी काय, पकड काय, सगळे चुकीच्या दारावर ठोकत होते.

सर्जन म्हणजे एक बाई निघाल्या. पांढरे केस, आवाज कोरडा. काशीनाथदादांना आधी वाटलं त्या नर्स आहेत. त्यांनी ते ओळखलं आणि म्हणाल्या, "दादा, मी गेली पंचवीस वर्षं जबडेच कापतेय. बसा." दादा बसले.

त्यांनी सांगितलं की आधी औषधाने आतला पू कमी करायचा, मग गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. तो तपासणारा डॉक्टर आणखी वेगळा, ओरल पॅथॉलॉजिस्ट, तो पेशंटला फारसा भेटतच नाही. तुकड्यात काय निघतं त्यावर दोन रस्ते. वाईट निघालं तर डाव्या बाजूचा जबडा काढावा लागेल. साधी गाठ निघाली तर वाचवायचा प्रयत्न करता येईल.

मी विचारलं, जबडा काढला तर बोलता येईल का. त्या म्हणाल्या, येईल, पण आत्तासारखं नाही. गोड बोलल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

तुकडा

निकाल येईपर्यंतचे दिवस मी घरी काढले आणि त्या दिवसांबद्दल मला फार लिहायचं नाही. लहानपणापासून मी मिसरी लावत होते. आमच्याकडे तंबाखू तव्यावर भाजून दात घासतात, पोरीबाळीसुद्धा. त्यावर मी पत्रक लिहिलंय आणि मिसरी सोडली ती त्यानंतर. त्यामुळे मनात कर्करोगाशिवाय दुसरं काही येतच नव्हतं. लोक भेटायला यायचे आणि बोलता बोलता गालाकडे बघायचे. आई म्हणायची, अर्धं तोंड गेलं तर तुला करून कोण घेईल. मी म्हणायचे, अर्ध्या तोंडानेही मी त्याला पुरून उरेन.

भगताकडे जायचं का, असंही आईने एकदा विचारलं. मी नको म्हटलं. ती गेली नाही. पण मिसरीची डबी तिने आढ्यावर उंच ठेवून दिली आणि खाली काढली नाही.

निकाल साधा निघाला. गाठ, पण कर्करोग नाही. सर्जन बाईंनी सांगितलं तेव्हा काशीनाथदादांनी टोपी काढून हातात धरली आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

जबड्याचं पाणी

आता उपचार ऐका. गाठीला एक भोक पाडून त्यात छोटी नळी बसवली. आत साचलेलं निघून जातं, गाठीचा ताण सुटतो आणि ती हळूहळू आक्रसते. मागून हाड भरत येतं. महिने लागतात. आक्रसली तर मग उरलेली गाठ आणि आडवी दाढ काढायची, जबडा शाबूत. नाही आक्रसली तर कापायचा. आणि ती आक्रसावी म्हणून मी एकच काम करायचं होतं. दिवसातून चार वेळा, बिनसुईच्या सिरिंजने, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने ती नळी आतून धुवायची. पाणी स्वच्छच हवं.

मी बाईंना सांगितलं, आमच्याकडे उन्हाळ्यात प्यायला पाणी नसतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग तुम्हाला माझ्यापेक्षा मोठं काम आहे," म्हणाल्या.

टँकर कधी यायचा, कधी नाही. आला की विहिरीत ओततात आणि मग ते गढूळ पाणी शेंदायचं. आई त्याऐवजी उतारावरच्या झऱ्यावर जायला लागली. तिथे वाटीवाटीने पाणी जमतं आणि बायांची रांग असते. पहिल्या दिवशी तिने रांगेत सांगितलं की हे पोरीच्या जबड्याचं पाणी आहे. दुसऱ्या दिवसापासून बायांनी तिचा तांब्या आधी भरू दिला. हंडा नाही हं, हंड्याला रांग होतीच, तांब्या तेवढा आधी. ज्यांच्यासाठी मी घोषणा देत होते असं मला वाटायचं, त्यांनी महिनोन्महिने माझ्यासाठी स्वतःचा हंडा थांबवला. वहिनीने त्या पाण्यासाठी वेगळं पातेलं ठेवलं. त्यात दुसरं काही शिजवलेलं तिने खपवून घेतलं नाही, माझ्या भावाने एकदा चहा टाकला तर त्याची गय केली नाही.

एकाच तांब्याभर पाण्यासाठी मी जितकी चिडले तितकी कुठल्या मोर्चात चिडले नव्हते. दात, हिरड्या, जबडा, त्यातल्या प्रत्येकाला जाणकार डॉक्टर आहे, यंत्र आहे, आणि हे सगळं ज्याच्यावर चालतं ते पाणी नाही. दाताचं दुखणं आणि टँकरचं दुखणं मी वेगळ्या पत्रकांत लिहीत होते. ते एकच आहे.

रोज तोंड उघडायचा व्यायाम असायचा. माणसाचं तोंड त्याच्याच तीन बोटांएवढं उघडायला हवं, उभी बोटं, एकावर एक. आई रोज समोर बसायची. "उघड," म्हणायची. "अजून उघड." मी उघडायचे, दुखायचं, ती माझी बोटं मोजायची. दीड. मग दोन. पावसाळा सरेपर्यंत दोनवरच अडलं होतं.

तीन

गाठ आक्रसली. नव्या फोटोत काळ्या फुग्याच्या जागी करडं हाड दिसलं. दुसरं ऑपरेशन भूल देऊन झालं, गाठ आणि आडवी दाढ निघाली. हलणारी शेजारीण दाढ त्यांनी काढली नाही. एंडोडॉन्टिस्टने तिची नस साफ केली आणि ती राहिली. ओठाचा बधिरपणा अजून थोडा आहे. गरम चहा अजून बेताने पिते.

आमच्या डॉक्टरला फोटो दाखवायला गेले. त्याने तो खिडकीपाशी धरून बराच वेळ बघितला. मग म्हणाला, आता ठिय्याला कधी बसताय? मी म्हटलं, पुढच्या बाजाराला. तो हसला, पण मी खरंच सांगत होते.

आमची जुनी मागणी "दाताचा डॉक्टर द्या" एवढीच होती. ती अर्धवट होती, कारण आम्हाला पुढचं ठाऊकच नव्हतं. आता मागणी अशी आहे: सर्जन, हिरड्यांचा डॉक्टर आणि पोरांच्या दातांचा डॉक्टर ठरल्या दिवशी इथे आला पाहिजे. पुढे पाठवायचं असेल तर चिठ्ठीवर कोणाकडे, कशासाठी, कधीपर्यंत आणि न गेल्यास काय, हे मराठीत लिहून वाचून दाखवलं पाहिजे. आणि जायला गाडी दिली पाहिजे. ज्यांना चिठ्ठी मिळाली आहे त्यांनी तोवर हे चार प्रश्न स्वतः विचारावेत. डॉक्टर घाईत असला तरी विचारावेत. घाई त्याची आहे, जबडा आपला आहे.

बाजाराच्या दिवशी तहसीलसमोर उभी राहिले. आई या वेळी आली होती, डॉक्टरकडे स्वतःची उजवी बाजू दाखवायला. दुखत नव्हती, तरी दाखवायला. पहिली घोषणा मी दिली. जबड्यात कट् असा आवाज झाला आणि तोंड उघडलं, पूर्ण. "पा" निघाला. मग थांबलेच नाही. पाण्याची झाली, डॉक्टरांची झाली, रस्त्याची झाली, काशीनाथदादा दोनदा माईक मागायला आले, दिला नाही.

शेवटी आई गर्दीतून पुढे आली. इतके महिने रोज समोर बसून "उघड, अजून उघड" म्हणणारी माझी आई. तिने माझा हात धरून खाली ओढला.

"पुरं झाला गं बाय," ती म्हणाली. "मीट आता."